क कुत्र्याचा, पण घरात तर सुणें

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेचार वर्षांची. घरात कोंकणी, आजीशी अर्धी मराठी अर्धी कोंकणी, मोबाइलवर हिंदी. बालवाडी इंग्रजी माध्यमाची आहे, पहिलीला मात्र गावातल्या मराठी शाळेत घालायचा विचार आहे. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळा तक्ता पाठ, एबीसीडी चालीसकट पाठ, पण ‘घर’ लिहून समोर ठेवलं तर वाचता येत नाही. बालवाडीच्या टीचरनी सांगितलं, "घरी फोनिक्स करून घ्या." म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवा. आता हे करायचं कसं, मराठीतून की इंग्रजीतून, कोंकणीमुळे गोंधळ होतो का, आणि ‘ब’ आणि ‘व’ सारखे एकमेकांत का जातात, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी धीर धरा. साडेचाराव्या वर्षी ‘घर’ वाचता आलं नाही म्हणून काही बिघडलेलं नाही. २०२०च्या शिक्षण धोरणात पायाभूत टप्पा ३ ते ८ वर्षांचा धरलाय. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेतही मूल समजून वाचायला लागावं अशी अपेक्षा तिसरीच्या अखेरीपर्यंतची आहे. तुमच्या लेकीकडे चार वर्षं आहेत. तेव्हा शेजारणीच्या मुलाने काय वाचलं ते ऐका आणि सोडून द्या.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, बहुतेक सत्तरी आणि पेडण्यात. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. सकाळी सगळ्या वर्गाकडून मुळाक्षरं म्हणून घ्यायची, मग बाराखडी, मोठ्याने, तालावर. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, वा, काय शिकतायत! एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी फळ्यावरच्या ‘न’वर छडी ठेवली आणि एका मुलाला विचारलं, "हे काय?" मुलगा गप्प. मग त्याने डोळे मिटले आणि ‘क’पासून सुरुवात केली. क, ख, ग, घ... बोटं मोजत तो ‘न’पर्यंत पोचला आणि ओरडला, "न!" साहेब हसले, मी हसले नाही. त्या मुलाला ‘न’ येत नव्हता. त्याला एक लांबलचक गाणं येत होतं आणि त्या गाण्यात ‘न’ कुठे येतो ते माहीत होतं.

तुमच्या मुलीचंही तेच आहे. तक्ता पाठ असणं आणि अक्षराचा आवाज कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तक्त्यात आणखी एक मेख आहे. आपण ‘घ घड्याळाचा’ इतक्या वेळा म्हणवून घेतो की ‘घ’ दिसला की मुलाच्या तोंडून ‘घड्याळ’च बाहेर पडतं. ‘घर’ वाच म्हटलं की ते म्हणतं, "घड्याळ, रथ." मी हे डझनावारी मुलांकडून ऐकलंय. मुलाची चूक नाही, आपण अक्षर चित्राच्या गळ्यात बांधलं. अक्षर बांधायचं ते आवाजाला.

आणि गोव्यात या चित्रांचा दुसराच घोळ आहे. तक्त्यावर ‘क’जवळ कुत्रा काढलेला असतो. तुमच्या घरात त्याला काय म्हणतात? सुणें. म्हणजे मुलगी चित्र बघते, तिच्या डोक्यात येतं ‘सुणें’, आणि आपण सांगतो हा ‘क’. ‘म’जवळ मासा, ती म्हणते नुस्तें. ‘अं’जवळ अंडं, ती म्हणते तांतीं. ‘प’जवळ पक्षी, ती म्हणते सुकणें. चार चित्रांत चारही आवाज चुकले. पुणे-नाशिककडच्या मुलाला तक्ता निदान चित्राच्या नावापुरता तरी मदत करतो, आपल्या मुलांना तोही करत नाही. मग ती बिचारी अक्षराचा आवाज बाजूला ठेवून ‘या खुणेला बाई कुत्रा म्हणतात’ एवढंच पाठ करतात.

गंमत बघा, त्या तक्त्यातला सगळ्यात पहिला शब्द आपल्याच किनाऱ्यावरून आत गेलेला आहे. अननस हे फळ दक्षिण अमेरिकेतलं, पोर्तुगीजांनी आणलं, नावही त्यांच्याकडूनच आलं. चावी, बटाटा, पाव, काजू ही सगळी त्याच जहाजातली माणसं. म्हणजे मराठी मुळाक्षरांची सुरुवातच जिथे पाहुण्या शब्दाने होते तिथे घरच्या कोंकणी शब्दाला दारात उभं करायचं काही कारण नाही.

तेव्हा कोंकणीचा प्रश्न आधीच निकालात काढते. कोंकणीने गोंधळ होत नाही. लिपी एकच आहे, देवनागरी. ‘न’ मराठीत नाकाचा असला तरी कोंकणीत नुस्त्याचा असू शकतो, आवाज तोच. उलट तुमच्या मुलीला ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेतले शब्द वापरलेत तर अर्धं काम कमी होतं. मराठी शब्द हळूहळू सोबत येतील. "सुणें, म्हणजे पुस्तकातला कुत्रा" असं सहज बोलत राहायचं, दुरुस्त करतोय असा सूर लावायचा नाही.

आता करायचं काय. पहिले दोन-तीन महिने पाटी, पेन्सिल, तक्ता काहीही नको. नुसते कान. शब्द आवाजांचा बनलेला असतो हे मोठ्यांना इतकं सवयीचं झालंय की मुलाला ते माहीत नसतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. मुलासाठी ‘काजू’ म्हणजे खायची वस्तू. त्यात ‘का’ आणि ‘जू’ असे दोन तुकडे आहेत हे त्याला कुणीतरी दाखवावं लागतं. हा कान तयार झाला की पुढचं वाचन सोपं जातं, हे आता जगभर मान्य झालंय. अमेरिकेत २००० साली वाचनावर जो मोठा अहवाल आला त्यानेही हेच सांगितलं. आपल्या आज्यांना अहवालाची गरज नव्हती. त्या पोरांना मांडीवर घेऊन उखाणे-कोडी घालायच्या, तालावर टाळ्या वाजवायला लावायच्या, ते हेच होतं.

टाळ्यांपासूनच सुरू करा. घरातल्या नावांच्या टाळ्या. ‘आई’ दोन, ‘काका’ दोन, ‘माटोळी’ तीन. मग पहिला आवाज. सकाळी पाव घेऊन पोदेर येतो, सायकलचा भोंगा वाजतो पों पों. त्याच क्षणी विचारा: "पोदेर, पाव, पणस... तुला आणखी ‘प’ने काय सुचतं?" तिने ‘पणजी’ म्हटलं तर वा. तिने ‘बाकरी’ म्हटलं तरी रागावू नका. ओठ दोन्हीत मिटतात, म्हणून तिला तो जवळचा वाटला. "जवळ आलीस. माझे ओठ बघ" म्हणा आणि दोन्ही शब्द सावकाश म्हणून दाखवा.

माझा आवडता खेळ पिशवीचा. कापडी पिशवीत पाच-सहा घरगुती वस्तू टाकायच्या: काडेपेटी, कांदा, करवंटी, आणि मध्येच एखादी चुकार वस्तू, समजा साबण. मूल हात घालून न बघता वस्तू ओळखतं, बाहेर काढतं, नाव म्हणतं आणि ‘क’च्या ताटात ठेवतं. एकदा एका मुलीने पिशवीतून करवंटी काढली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "टीचर, ही कट्टी." घरात तेच म्हणत असतील. मी म्हटलं, "कट्टी. मग कुठल्या ताटात?" तिने तिसऱ्यांदा स्वतःशीच ‘क... कट्टी’ म्हटलं आणि ‘क’च्या ताटात ठेवली. माझी करवंटी चालली नाही, तिची कट्टी चालली. काम झालं.

तुमच्याकडे चवथीला गणपतीवर फळा-भाज्यांची माटोळी बांधत असतील. याहून मोठा तक्ता कुठल्याच छापखान्यात मिळत नाही. नारळ, तोरिंग, तवशें, चिबूड, आंबाडे, सुपारीचं शिपटें, केळ्यांचा घड, सगळं डोक्यावर टांगलेलं आणि प्रत्येकाचं नाव घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ. मुलीला खाली उताणी झोपवा आणि विचारा, "‘त’ने सुरू होणारं कुठलं?" तोरिंग आणि तवशें, दोन सापडतील. मग ‘ळ’ कुठे ऐकू येतो? नारळाच्या शेवटी, केळ्याच्या पोटात, खुद्द माटोळीत. ‘ळ’ आणि ‘ण’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, त्यामुळे तक्त्यात त्यांची फार कुचंबणा होते. ती अक्षरं शब्दाच्या शेवटी ऐकवायची.

बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बालवाड्या चालवल्या तेव्हा शिंपले, बिया, पानं, काड्या हेच साहित्य वापरलं. महागाची लाकडी खेळणी आदिवासी पाड्यावर आणणार कोण आणि कशाला? तुम्हीही दुकानातून काही आणू नका.

कान तयार झाला हे कसं ओळखायचं? मुलगी आपणहून शब्द पकडायला लागते. जेवताना मध्येच म्हणते, "आई, मीठ आणि मिरची सारखीच सुरू होतात." किंवा तुम्ही विचारलं, "काजूतला ‘का’ खाल्ला तर काय उरलं?" आणि ती क्षणात म्हणाली, "जू!" त्या दिवशी अक्षर काढायला हरकत नाही.

पण ‘क ख ग घ ङ’ या क्रमाने नको. तो क्रम उच्चाराच्या शास्त्रासाठी उत्तम आहे. कंठातून ओठांकडे काय सुंदर रचलाय! पण वाचायला शिकणाऱ्याला त्यात पहिल्या आठवड्यात वाचण्यासारखा शब्द मिळत नाही, आणि ‘ङ’ आयुष्यात कधी वाचायला लागेल देव जाणे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून, त्यातून लगेच शब्द बनतील अशा पद्धतीने मुलांना वाचायला शिकवलं. अक्षरं थोडी, पण शब्द त्याच दिवशी. मी माझा गट गोव्यासाठी बसवला होता. पहिला गट फक्त न, क, म, र आणि काना. एवढ्यात नाक, कान, मान, काम, रान, मामा, काका, नाना येतात. आणि एक जे मला फार आवडतं. दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर काहीही न सांगता लिहायचे:

माका नाका.

वर्गात शांतता. मग एखादा पुटपुटायचा, "मा... का... ना... का..." पुन्हा, जरा भरभर. आणि एकदम फुटायचा, "माका नाका! टीचर, तुमी ‘माका नाका’ बरयलां!" मग सगळा वर्ग ओरडत सुटायचा. मला नको, हे वाक्य प्रत्येक मूल दिवसातून पन्नास वेळा म्हणतं. ते भिंतीवर लिहून ठेवता येतं आणि दुसऱ्याला ते न सांगता कळतं, हा शोध त्यांना त्या क्षणी लागायचा. शुद्ध कोंकणीत ‘म्हाका’ लिहितात हे मला ठाऊक आहे, पण पेडण्याची पोरं ‘माका’च म्हणतात आणि पहिल्या पंधरवड्यात जोडाक्षर घेऊन मी काय करू?

‘घर’ऐवजी ‘नाक’ने सुरुवात का, तेही सांगते. ‘घर’ दिसायला सोपं, दोन अक्षरं, मात्रा नाही. ऐकायला मात्र अवघड. ‘घ’मध्ये ‘अ’ लपलेला आहे, तो म्हणायचा. ‘र’मध्येही ‘अ’ आहे, पण तो मात्र गिळायचा. हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते ‘घ-र’ असं दोन्ही अक्षरं पूर्ण म्हणतं आणि त्याला घर काही ऐकू येत नाही. ‘नाक’मध्ये ‘ना’ ओढता येतो: नाऽऽऽक. ओढलेला आवाज पुढच्या अक्षराला चिकटतो. त्यामुळे मी काना पहिल्या दिवसापासून घ्यायचे. बिनमात्रेचे शब्द मागाहून. तीन अक्षरी शब्द आला की चढत जायचं: क-म, कम, कम-ळ, कमळ. तिन्ही सुटी म्हणून शेवटी एकदम जोडायला लावलं तर तिसऱ्यापर्यंत पहिलं विसरलेलं असतं.

अक्षर गिरवायला पेन्सिल देऊ नका. साडेचार वर्षांच्या बोटांत अजून ती ताकद नसते. ताटात तांबडी माती किंवा रवा पसरा, अंगणातल्या चिऱ्यावर ओल्या बोटाने काढू द्या, हातभर मोठं. काढताना आवाज मोठ्याने म्हणायचा, चित्राचं नाव नाही.

मग दुसरा गट प, ल, त, आणि दुसरी वेलांटी. पान, पाल, ताप, लाल, माती, काकी, मामी. इथे स्वराची एक अडचण येते. ‘आ’ हे अक्षर आणि काना हे एकाच आवाजाचे दोन वेष आहेत, एकटा असला की ‘आ’, कुणाच्या खांद्यावर बसला की काना. आपण स्वर एका महिन्यात आणि मात्रा सहा महिन्यांनी शिकवतो, मग मुलांना ती दोन वेगळी माणसं वाटतात. दोन्ही एकाच दिवशी दाखवा.

पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल ‘इ-क’ म्हणतं. त्याचं तर्कशास्त्र बरोबर आहे, लिपीचंच जरा तिरकं. बोट आधी ‘क’वर टेकवायचं आणि मग मागे उडी मारून वेलांटीवर. आठवडाभर उड्या मारल्या की जमतं.

बाराखडी टाकाऊ नाही, तिची पाठांतराची रीत टाकाऊ आहे. पस्तीसेक व्यंजनं गुणिले बारा म्हणजे चारशेच्या वर अक्षरं होतात. ती सगळी पाठ करायची नसतात, मात्रा लावली की आवाज कसा बदलतो ते पकडायचं असतं. फळ्यावर ‘पर’ लिहा. काना द्या: पार. वेलांटी: पीर. उकार: पूर. मात्रा: पेर. काना-मात्रा: पोर. एकच अक्षर बदलत गेलं आणि सगळे खरे शब्द निघाले. हीच गंमत तार-तीर-तूर, काळ-केळ-कोळ यांत. मुलं स्वतः जोड्या शोधायला लागली की तुम्ही चहा प्या.

‘च’ आणि ‘ज’ यांचं दुखणं तक्ता कधीच सांगत नाही. ‘चिमणी’तला च वेगळा, ‘चाक’ातला वेगळा. ‘जेवण’ातला ज वेगळा, ‘जाळं’मधला वेगळा. इ आणि ए यांच्या संगतीत तो नेहमी तालव्य असतो, इतर ठिकाणी कधी असा कधी तसा. ‘चोर’ आणि ‘चंद्र’ म्हणून बघा. मुलाला नियम सांगायचा नाही. अडलं तर "हा च दोन्ही आवाज काढतो, दुसरा लावून बघ" एवढंच. शब्द ओळखीचा असेल तर कान स्वतःच बरोबर आवाज निवडतो. म्हणूनही पहिले शब्द घरचे हवेत.

क-ख, ग-घ, ब-भ या जोड्यांसाठी वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरा. ‘क’ म्हणा, पट्टी जेमतेम हलते. ‘ख’ म्हणा, फडफडते. आमच्याकडे काही घरांत ‘भायर’ला ‘बायर’ म्हणतात, हकार बोलण्यातच ढिला असतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. पट्टी डोळ्याला तो दाखवते. मुलांना हा खेळ इतका आवडतो की सांभाळून, दिवसभर सगळ्यांच्या तोंडावर ‘ख ख’ करत फिरतात.

आता इंग्रजीचं फोनिक्स. टीचरचं म्हणणं चुकीचं नाही, इंग्रजीला त्याची गरज मराठीपेक्षा जास्त आहे. मराठीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. इंग्रजीत तसं नाही. ‘एच’ या नावात ‘ह’ कुठेच नाही, ‘डब्ल्यू’त ‘व’ नाही, ‘सी’ कधी क कधी स. अक्षरं सव्वीस आणि आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. त्यामुळे एबीसीडीचं गाणं पाठ असून वाचायला उपयोग शून्य. आवाज शिकवताना आपली मराठी जीभ एक चूक करते, ‘अ’ चिकटवते. ‘बॅट’मधला पहिला आवाज आपण ‘ब’ म्हणतो, मग मूल ‘ब-ॲ-ट’ जोडताना ‘बॲट’ करतं. तो आवाज अर्धा, ओठ उघडण्याआधीच तोडलेला हवा. ‘स’ तर सापासारखा स्‌स्‌स् एवढाच.

माझं मत विचाराल तर घरी मराठी-कोंकणी आधी. इंग्रजी बालवाडीत चाललंय ते चालू द्या, घरी इंग्रजीचं फक्त ऐकणं-बोलणं ठेवा. एका लिपीत ‘आवाज जोडून शब्द होतो’ ही युक्ती कळली की दुसऱ्या लिपीत ती पुन्हा शिकावी लागत नाही. आणि कृपा करून तिला रस्त्यावरचे गोव्याचे इंग्रजी फलक वाचायला लावू नका. डिचोलीचं इंग्रजी नाव ‘बी’ने सुरू होतं, साखळीच्या नावात ‘क्यू’ आहे, पेडण्याच्या शेवटी ‘एम’ लटकतो. पोर्तुगीजांनी त्यांच्या कानाने लिहून ठेवलंय, त्यावर फोनिक्सची कुठलीच मात्रा चालत नाही. त्याच खांबावर वर देवनागरीत ‘डिचोली’ असतं, ते वाचू दे.

वेळ रोज दहा मिनिटं, बारा झाली तर उठा. मुलगी कंटाळण्याआधी थांबायचं. मोबाइलचं ॲप मी घेऊ नका म्हणत नाही, पण ते ‘शाब्बास’ कुठल्याही बोटाला म्हणतं, आणि मुलीचे ओठ कसे हलले ते त्याला दिसत नाही. रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवा, ती दहा मिनिटांत धरायची नाही.

ती खरंच वाचते की शब्द चित्रासारखा ओळखते हे बघायचं असेल तर अर्थ नसलेला शब्द द्या: ‘मारक’ नको, तो शब्द आहे; ‘नामीत’, ‘लाकाप’ असलं काहीतरी. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या वर्गाची अशी चाचणी घेतात, त्यात निरर्थक शब्द मुद्दाम घातलेले असतात. आपण चाचणी नको करूया, "हे एका राक्षसाचं नाव आहे, वाच बघू" म्हणा. लाकाप राक्षस आमच्या वर्गात तीन वर्षं नांदला.

आवाजांतला फरक तिला सतत ऐकूच येत नसेल, टीव्ही मोठा लागत असेल, पाठीमागून हाक मारली तर वळत नसेल, किंवा कान वारंवार फुटत असेल तर शिकवणं थांबवून आधी कान तपासून घ्या. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभाग आहे. एका मुलाला मी वर्षभर मठ्ठ समजले होते. त्याच्या दोन्ही कानांत मळाचे खडे निघाले. अजून लाज वाटते.

राहिला ‘ब’ आणि ‘व’. दिसायला त्यांच्यात एका तिरक्या रेघेचा फरक, आणि तुमच्या मुलीने ती दोन्ही एकाच आठवड्यात शिकली असणार. भ-म, घ-ध, प-ष, थ-य यांचंही तेच होतं. जुळ्यांची ओळख एकाच दिवशी करून दिली की जन्मभर कोण कुठला ते कळत नाही. ‘व’ आता सरळ लपवून ठेवा. महिनाभर घरात फक्त ‘ब’: बाबा, बी, बारा, बाल. बोटाने मातीत काढायचा, ओठ घट्ट मिटून म्हणायचा. ‘ब’ला दोन्ही ओठ पूर्ण मिटतात, ‘व’ला मिटत नाहीत, आरशासमोर उभं करून दाखवा. ‘ब’ झोपेतही चुकत नाही असं झालं की एक दिवस ‘व’ आणा, वाळपई, वडा, वारा घेऊन. दोन्ही एकत्र मांडून "हा कुठला, हा कुठला" अशी परीक्षा मात्र त्यानंतरही पंधरा दिवस घेऊ नका.